कर्व्यांचे गणित

बारामती वा इंदापूर तालुक्यातील सरकारी आरोग्य केंद्रात आज संततिनियमनाचा सल्ला विनामूल्य मिळतो. हाच सल्ला देण्यापायी रघुनाथ धोंडो कर्वे यांना प्राध्यापकीवर पाणी सोडावे लागले, याचे स्मरण मात्र क्वचितच होते.

महर्षी कर्वे यांचे हे ज्येष्ठ पुत्र. जन्म १८८२ चा, विषय गणित. १९२१ च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या सुमारे २५ कोटी भरली. इन्फ्लुएंझाच्या साथीमुळे ती दहा वर्षांपूर्वीपेक्षाही किंचित घटली होती. वाढत्या संख्येची चिंता तेव्हा फारशी कोणालाच नव्हती. नेमके त्याच वर्षी कर्व्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले. कारण त्यांच्या हिशेबात केवळ डोकी नव्हती, वारंवारच्या बाळंतपणांनी खचणारी स्त्री होती. विल्सन महाविद्यालयातील नोकरी सुटली, पण पत्नी मालतीबाईंची साथ सुटली नाही. १९२७ पासून अखेरपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकरांनी वकीलपत्र घेऊनही दंड चुकला नाही.

१९५१ साली लोकसंख्या ३६ कोटींवर गेली आणि १९५२ मध्ये सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबरला, कर्वे निवर्तले.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात दर स्त्रीमागे सरासरी अपत्ये १.७ आहेत. आकडा साधला, परंतु नसबंदीचा भार अजूनही जवळजवळ सर्वस्वी स्त्रीच वाहते. कर्व्यांचे गणित अद्याप पुरते सुटलेले नाही.