विट्याजवळच्या तलावाचा पत्ता रोहित पक्ष्यांना कोण सांगतं? हे कोडं सोडवण्यासाठी सलीम अलींनी पक्ष्यांच्या पायात कडी घातली

विट्याहून उत्तरेला निघालं की थोड्याच वेळात मायणी लागतं. खानापूर, खटाव, माण हा सगळा पट्टा तसा दुष्काळी. तरी पाणी असलं की मायणीच्या आणि येरळवाडीच्या तलावांवर हिवाळ्यात पाहुण्या पक्ष्यांची गर्दी होते. त्यात सगळ्यात भाव खाऊन जातो तो रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो. भारतात रोहितांची सगळ्यात मोठी वीण होते ती कच्छच्या रणात.

जवळ नकाशा नाही, मोबाईल नाही. मग एवढ्या माळरानात नेमकं पाणी पक्ष्यांना सापडतं कसं?

याचं उत्तर शोधायचं तर आधी एक साधी गोष्ट माहीत हवी. कुठला पक्षी कुठून निघतो आणि कुठे पोचतो? भारतात ही माहिती मोठ्या प्रमाणावर गोळा करायला सुरुवात केली ती सलीम अलींनी.

१२ नोव्हेंबर १८९६ ला मुंबईत त्यांचा जन्म झाला. आईवडील लहानपणीच गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी, खेतवाडीत ते वाढले. छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. हा पक्षी कुठला, हे विचारायला पोरगं थेट बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत, म्हणजे बीएनएचएसमध्ये पोचलं. तिथे मिलार्ड साहेबांनी त्याच्यासमोर पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांची कपाटं उघडली आणि पुढचं आयुष्य ठरून गेलं.

१९२९ मध्ये ते जर्मनीला गेले. बर्लिनमध्ये प्राध्यापक स्ट्रेसमान यांच्याकडे शिकले. उत्तर समुद्रातल्या हेलगोलँड बेटावर त्यांनी एक काम जवळून पाहिलं. पक्षी जाळ्यात धरायचा, त्याच्या पायात नंबर असलेली हलकी कडी घालायची आणि सोडून द्यायचा. तोच पक्षी पुन्हा कुठे सापडला, की त्याच्या प्रवासाची दोन टोकं कळतात.

शिकून परत आले तर मुंबईच्या म्युझियममधली नोकरी गेलेली. पैशांअभावी ते पदच बंद झालं होतं. मग पत्नी तेहमिना यांच्यासोबत ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले आणि तिथे सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. १९३९ मध्ये तेहमिना गेल्या. या धक्क्यानंतरही काम थांबलं नाही. १९४१ ला त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं प्रसिद्ध पुस्तक आलं. १९४५ मध्ये कच्छच्या रणात जाऊन त्यांनी रोहितांची लाखोंची वसाहत पाहिली आणि तिची नोंद केली.

हेलगोलँडला पाहिलेलं काम मोठ्या प्रमाणावर करायची संधी मात्र १९५९ ला आली. दोन वर्षांपूर्वी कर्नाटकात क्यासनूर जंगलाचा ताप पसरला होता. परदेशातून येणारे पक्षी गोचिडीमार्फत हा आजार आणतात का, हे तपासायचं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बीएनएचएसचा प्रकल्प सुरू झाला. तेव्हा सलीम अली साठीला टेकून पुढे गेले होते. तरी ते जाळी घेऊन कच्छ, भरतपूर असं फिरत राहिले.

कड्यांनी काय सांगितलं? पक्षी नुसते दक्षिणेला येत नाहीत, काही जण दरवर्षी ठरलेल्या जागी येतात. हिमालयाकडून येणारा करडा धोबी मुंबईतल्या त्याच छोट्या हिरवळीवर परत येतो, हे उदाहरण सलीम अली देत.

आता हे जमतं कसं? त्याची उत्तरं त्याच काळात जगभरात मिळत होती आणि त्यात डोळ्यांचा वाटा मोठा निघाला.

दिवसा सूर्य दिशा दाखवतो. जर्मनीत गुस्ताव क्रेमर यांनी पिंजऱ्यातल्या स्टर्लिंग पक्ष्यांना आरशातून सूर्यप्रकाश दाखवला. स्टर्लिंग म्हणजे आपल्या ज्वारीवर तुटून पडणाऱ्या भोरड्यांचे युरोपातले भाऊबंद. प्रकाशाची दिशा बदलली तशी पक्ष्यांनीही दिशा बदलली. सूर्य दिवसभर सरकतो, पण पक्ष्यांच्या शरीरातलं घड्याळ तेवढा हिशोब करतं.

रात्री तारे कामाला येतात. अमेरिकेत स्टीफन एमलेन यांनी तारांगणात पिल्लं वाढवली आणि सगळं आकाश मृग नक्षत्रातल्या काक्षी ताऱ्याभोवती फिरवलं. पिल्लांनी त्यालाच उत्तर मानलं. म्हणजे पिल्लू आकाश बघत बघत कुठला भाग स्थिर आहे ते शिकतं.

मुक्काम जवळ आला की नद्या, किनारे, डोंगररांगा अशा ओळखीच्या खुणा उपयोगी पडतात. पृथ्वीचं चुंबकत्वही वाट दाखवतं.

पण या सगळ्यात अनुभव किती महत्त्वाचा? नेदरलँड्समध्ये पेर्डेक यांनी ११ हजारांहून जास्त स्टर्लिंग पकडून, कडी घालून स्वित्झर्लंडला नेऊन सोडले. पहिल्यांदाच निघालेली पिल्लं जुन्याच दिशेने उडत राहिली आणि भलत्याच ठिकाणी पोचली. आधी प्रवास केलेल्या मोठ्यांनी मात्र दिशा बदलून नेहमीचा मुलूख गाठायचा प्रयत्न केला. दिशा पिल्लांना जन्मतःच मिळते, मुक्कामाची ओळख मात्र प्रवास करूनच होते.

म्हणूनच एखादा तलाव बुजला तर फक्त पाणी जात नाही, पक्ष्यांनी ओळखून ठेवलेला मुक्काम जातो. भरतपूरची पाणथळ जागा शेतीसाठी कोरडी करायची मागणी झाली, तेव्हा सलीम अलींनी थेट पंतप्रधान नेहरूंकडे दाद मागितली. ती जागा वाचली आणि १९८५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली.

१९७६ ला त्यांना पद्मविभूषण मिळालं. १९८७ मध्ये, वयाच्या नव्वदीत, ते गेले. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, त्याचा शेवटचा दिवस म्हणजे त्यांचा वाढदिवस. साधारण त्याच सुमारास पाहुणे पक्षी आपल्या तलावांकडे यायला लागलेले असतात. वाट ते शोधतात. मुक्कामाला पाणी शिल्लक ठेवणं तेवढं आपल्या हातात आहे.