हॅरी फर्ग्युसन : तीन दांड्यांची करामत
ट्रॅक्टरच्या मागचे तीन दांडे कधी नीट बघितलेत? ते हॅरी फर्ग्युसनचं डोकं! जन्म १८८४, आयर्लंडमधल्या शेतकऱ्याच्या घरी. १९०९ मध्ये पठ्ठ्याने स्वतः बनवलेलं विमान उडवलं. त्या काळी मागून ओढलेला नांगर दगडात अडकला की ट्रॅक्टर उलटून ड्रायव्हर मरायचा. हॅरीने नांगर तीन दांड्यांनी जोडला. आता तोच जोर वरच्या दांड्यातून पुढची चाकं खाली दाबतो आणि ओढ वाढली की हायड्रॉलिक्स नांगर आपोआप उचलतं.
१९३८ मध्ये हेन्री फोर्डशी नुसत्या शेकहँडवर करार झाला, तो पुढे फोर्डच्या नातवाने मोडला. कोर्टकचेरीनंतर १९५२ मध्ये हॅरीला ९२.५ लाख डॉलर मिळाले. १९६० मध्ये तो गेला. पण आजही खडबडीत माळावर गवत कापताना लिव्हर खाली सोडला की मोवर चढउतारांप्रमाणे मोकळा वरखाली होतो, तो त्याच दांड्यांवर!