गॅरी गायगॅक्स : ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चे नियम लिहिले, पण ते बदलण्याचा हक्क का गमावला?

डिजिटल डेस्क, पनवेल : ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ पाहिलेल्यांना तळघरात टेबलाभोवती बसून फासे टाकणारी मुलं आठवत असतील. त्यांचा खेळ म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’, थोडक्यात डी अँड डी. गेल्या ५० वर्षांत त्याची नियमपुस्तकं अनेकदा बदलली. एका आवृत्तीत चिलखताचा आकडा जितका कमी तितका चांगला, तर दुसरीत जितका जास्त तितका चांगला. हे बदल कसे झाले, ते खेळाचे सहनिर्माते गॅरी गायगॅक्स यांच्या आयुष्यातून समजतं.

खेळ नेमका काय आहे?

यात लुडोसारखा पट लागतोच असं नाही. समजा, चार-पाच मित्र जमले. त्यातला एक सूत्रधार. तो सांगतो की अंधार पडतोय, तुम्ही कर्नाळ्याच्या सुळक्याखाली उभे आहात, वर आग्या मोहोळ आहे आणि मागून कुणीतरी येतंय. बाकीचे आपापलं पात्र काय करेल ते सांगतात. डाव साधला की फसला, हे फासा ठरवतो. किती आकडा पडायला हवा, ते नियमपुस्तकात असतं. त्यामुळे नियम बदलले की गोष्टही बदलते.

विम्याच्या नोकरीतून खेळाकडे

गायगॅक्स यांचा जन्म २७ जुलै १९३८ रोजी शिकागोत झाला. वडील स्वित्झर्लंडहून आलेले व्हायोलिनवादक. १९४६ मध्ये कुटुंब विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावी गेलं. गॅरी यांचं शालेय शिक्षण अर्धवट राहिलं. पुढे ते विमा कंपनीत अंडररायटर झाले. कुठे किती धोका आहे, याचा हिशेब करणं हे त्यांचं रोजचं काम होतं.

फावल्या वेळात ते युद्धखेळ खेळत. १९६८ मध्ये त्यांनी गावातल्या एका हॉलमध्ये ‘जेन कॉन’ हे खेळाडूंचं संमेलन भरवलं. १९७० मध्ये नोकरी गेली. संसार चालवण्यासाठी ते घराच्या तळघरात बूट दुरुस्त करू लागले, पण खेळ सुटला नाही. १९७१ मध्ये जेफ पेरेन यांच्यासोबत त्यांनी मध्ययुगीन लढायांचा ‘चेनमेल’ हा खेळ लिहिला. त्याला ड्रॅगन आणि जादूगारांची पुरवणी जोडली होती.

मिनेसोटातल्या डेव्ह आर्नेसन यांनी ही कल्पना पुढे नेली. त्यांच्या खेळात प्रत्येकाकडे सैन्याऐवजी एकच पात्र असे आणि ते अनुभव कमावत पुढच्या डावात येई. १९७२ च्या अखेरीस त्यांनी हा खेळ गायगॅक्स यांना दाखवला. गायगॅक्स यांनी त्याला नियमांचं रूप दिलं. १९७३ मध्ये बालमित्र डॉन के यांच्यासोबत त्यांनी ‘टीएसआर’ कंपनी काढली. जानेवारी १९७४ मध्ये तीन पुस्तिकांची पेटी बाजारात आली. किंमत १० डॉलर, प्रती १,०००. वर्षभराच्या आत त्या संपल्या.

मोकळे नियम घट्ट का झाले?

१९७४ च्या नियमांत पात्रांचे तीनच प्रकार होते : लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू. खंजीर असो वा तलवार, इजा सहा बाजूंच्या एका फाशावर मोजली जाई. नियम अपुरा वाटला तर सूत्रधाराने स्वतः ठरवावं, अशी मुभा होती. त्यामुळे मेंढीकोटसारखंच झालं. प्रत्येक घरचे नियम वेगळे, आणि स्पर्धेत वाद.

१९७७ ते १९७९ दरम्यान गायगॅक्स यांनी ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीची तीन जाड पुस्तकं लिहिली. त्यात तक्त्यांची रेलचेल होती. आधी मोकळीक देणारे गायगॅक्स आता सर्वांनी एकसारखे नियम पाळावेत, असं मांडू लागले. याच आवृत्तीत स्त्री पात्राच्या ताकदीची कमाल मर्यादा पुरुष पात्रापेक्षा कमी ठेवली होती.

इथे पैशांचाही प्रश्न होता. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ हा वेगळा खेळ मानला, तर आर्नेसन यांना त्याचं मानधन मिळणार का? आर्नेसन १९७९ मध्ये कोर्टात गेले. १९८१ मध्ये तडजोड झाली.

स्वतःच्याच कंपनीतून बाहेर

१९८० च्या दशकात हा खेळ मुलांना सैतानाच्या नादी लावतो, अशी ओरड अमेरिकेत झाली. तरीही खेळ पसरत राहिला. गायगॅक्स हॉलिवूडमध्ये होते. १९८३ मध्ये खेळावरची कार्टून मालिका आली. इकडे कंपनी कर्जात गेली. १९८५ मध्ये बहुसंख्य शेअर लोरेन विल्यम्स यांच्याकडे गेले. गायगॅक्स कोर्टात हरले आणि १९८६ अखेर कंपनीबाहेर पडले.

दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये डेव्हिड कुक यांनी तयार केली. तिच्यातून मारेकरी हा पात्रप्रकार आणि स्त्री पात्रांवरची मर्यादा गेली. गायगॅक्स यांनी १९९२ मध्ये नवा खेळ काढला, तेव्हा त्यांच्याच जुन्या कंपनीने खटला भरला. १९९४ च्या तडजोडीत त्या खेळाचे हक्कही गेले.

आकड्यांत फरक किती?

दुसऱ्या आवृत्तीत हल्लेखोराचा आकडा १८ आणि शत्रूचं चिलखत ४ असेल, तर १८ वजा ४, म्हणजे २० बाजूंच्या फाशावर १४ किंवा जास्त हवेत. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत तेच चिलखत १६ होतं आणि हल्लेखोराला २ गुण जादा मिळतात. म्हणजे पुन्हा १४ च हवेत. दोन्हीकडे शक्यता ३५ टक्के. गणित तेच, फक्त वजाबाकीऐवजी बेरीज आली.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीतला बदल मात्र खरा आहे. परिस्थिती अनुकूल असेल तर दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. ११ हवे असतील, तर शक्यता ५० वरून थेट ७५ टक्क्यांवर जाते. १९७४ मध्ये जीवनगुण शून्यावर आले की पात्र मेलं. आता साधारणपणे तीन फासे यशस्वी होण्याआधी तीन फसले, तर ते मरतं.

शेवटची वर्षं

१९९७ मध्ये ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ने टीएसआर विकत घेतली आणि गायगॅक्स यांचं जुनं वैर संपलं. मात्र खेळाची सूत्रं त्यांच्याकडे परतली नाहीत. ४ मार्च २००८ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी, लेक जिनिव्हातच त्यांचं निधन झालं. तीनच महिन्यांनी चौथी आवृत्ती आली. २०१४ च्या पुस्तकात मूळ निर्माते म्हणून गायगॅक्स आणि आर्नेसन या दोघांचीही नावं छापली आहेत.

२०२४ मध्ये पाचवीचे नियम पुन्हा सुधारले गेले. जुनी पुस्तकंही अनेक जण आवडीने वापरतात. म्हणून पहिल्यांदा खेळायला बसताना सूत्रधाराला एवढंच विचारा : पुस्तक कोणत्या सालचं आहे, आणि घरचे नियम कोणते?