इब्न अल-हैसम : पाहण्याचे शास्त्र घडविणारे विद्वान

अबू अली अल-हसन इब्न अल-हैसम यांचा जन्म इ. स. ९६५ (हिजरी ३५४) च्या सुमारास बसरा येथे झाला. नाईल नदीचा पूर आवरता येईल, असा त्यांचा विश्वास होता. म्हणून इजिप्तचा फातिमी खलीफा अल-हाकिम याने त्यांना बोलावून घेतले. अस्वानपर्यंत जाऊन त्यांनी भूमी प्रत्यक्ष पाहिली, तेव्हा दुरून शक्य वाटलेली योजना अशक्य ठरली आणि त्यांनी तसे मान्य केले. पुढे खलीफाच्या रोषाच्या भयाने त्यांनी वेडाचे सोंग घेतले व १०२१ मध्ये अल-हाकिमचा अंत होईपर्यंत ते घरातच स्थानबद्ध राहिले, असे चरित्रकार सांगतात. नंतर अल-अझहरजवळ राहून, ग्रंथांच्या नकला करून त्यांनी उदरनिर्वाह केला. १०४० च्या सुमारास कैरोत त्यांचे निधन झाले.

‘किताब अल-मनाझिर’ हा त्यांचा सात खंडांचा ग्रंथ. डोळ्यांतून किरण बाहेर पडतात, हे युक्लिड व टॉलेमी यांचे मत त्यांनी खोडून काढले. वस्तूवरून निघालेला प्रकाश डोळ्यात येतो, असे प्रतिपादन केले. त्यांच्या मते डोळ्याला थेट जाणवतात ते केवळ प्रकाश आणि रंग. अंतर, आकार, घनता, गती या गोष्टी बुद्धी पूर्वानुभवाशी ताडून ठरविते, आणि तेही इतक्या त्वरेने की आपणांस त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणूनच ओझरती नजर आणि वस्तूच्या प्रत्येक भागावरून फिरविलेली शोधक नजर यांत त्यांनी भेद केला.

हे आपल्या मालवणातच अनुभवा. किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट एका सपाट भिंतीसारखा भासतो. होडी त्याच्या कडेने चालू लागली की जवळचे बुरूज झपाट्याने मागे सरतात, दूरचे सावकाश. आणि त्या भिंतीला वळणे व खोली लाभते. १९५३ मध्ये हान्स वालाख व त्यांचे सहकारी ओ’कॉनेल यांनी वाकविलेल्या तारेची सावली पडद्यावर पाडून हेच दाखविले. स्थिर सावली सपाट दिसे. तार फिरू लागताच घन आकार प्रकट होई.

वाचकहो, दगडी तटाचे रूपही जागा बदलल्याविना कळत नसेल, तर शेजाऱ्याविषयी किंवा नातलगाविषयी एका भेटीत मत कसे बांधावे? थोर टॉलेमीचे म्हणणेही इब्न अल-हैसम यांनी तपासल्याविना स्वीकारले नाही. अल्लाह आपणांस अशा तहकीकची तौफीक देवो. आमीन.