हू याओबांग: आपल्याच पक्षाला हिशेब विचारणारा नेता

तिबेटबद्दल आपल्याकडे बरेच बोलले जाते. पण मे १९८० मध्ये ल्हासाला जाऊन आपल्याच पक्षाच्या अधिकाऱ्यांना धारेवर धरणारे चिनी नेते हू याओबांग फारसे कोणाला आठवत नाहीत. तिबेटसाठी पाठवलेला पैसा गेला कुठे, नदीत टाकला काय, असे त्यांनी सभेत विचारले. शेतकरी-पशुपालकांना करमाफी, तिबेटी भाषेला स्थान आणि हान अधिकाऱ्यांची कपात, असे त्यांचे धोरण होते. ते तिबेटच्या स्वातंत्र्याचे समर्थक होते असे मात्र कोणी समजू नये. शेवटपर्यंत ते कम्युनिस्टच राहिले.

जन्म १९१५ चा, हुनान प्रांतातल्या शेतकरी कुटुंबातला. किशोरवयातच क्रांतीत, मग लाँग मार्च. सांस्कृतिक क्रांतीत त्यांनी स्वतः अपमान सोसला. १९७७ मध्ये पक्षाच्या संघटन विभागाचे प्रमुख झाल्यावर त्यांनी खोट्या आरोपांत भरडलेल्या लाखो लोकांची प्रकरणे पुन्हा उघडली. एका माणसाची कागदावरची चुकीची नोंद दुरुस्त करायला किती खेटे घालावे लागतात, हे सामाजिक कामात आम्ही रोज पाहतो. म्हणून हे काम आम्हाला त्यांच्या सगळ्या पदांपेक्षा मोठे वाटते.

पुढे आर्थिक सुधारणांच्या काळात एकाच मालाला दोन भाव आले, सरकारी आणि बाजाराचा. वशिल्याचे अधिकारी आणि नेत्यांची मुले सरकारी भावात माल उचलून बाजारात चढ्या दराने विकू लागली. बड्यांच्या मुलांचीही चौकशी व्हावी, अशी हूंची भूमिका होती. ज्येष्ठ नेते दुखावले. १९८६ च्या अखेरीस विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा नरमाई दाखवल्याचा ठपका ठेवून जानेवारी १९८७ मध्ये त्यांना सरचिटणीसपद सोडायला लावले. जिथे मतपेटीच नाही, तिथे बंद खोलीतली बैठक पुरते.

१५ एप्रिल १९८९ ला ते गेले. सरकारवर टीका करायला बंदी होती, पण मोठ्या नेत्याचा शोक करायला कोण अडवणार? विद्यार्थी तिआनमेन चौकात जमले. २२ एप्रिलला शोकसभेच्या दिवशी तिघे विद्यार्थी ग्रेट हॉलच्या पायऱ्यांवर गुडघे टेकून बसले, निवेदन डोक्यावर धरून. एकही बडा नेता बाहेर आला नाही. हूंच्या कार्याचे फेरमूल्यमापन करा आणि नेत्यांची व त्यांच्या कुटुंबीयांची मिळकत जाहीर करा, या त्यांच्या मागण्यांपैकी दोन होत्या. ४ जूनला लष्कराने गोळ्या झाडून चौक रिकामा केला.

२०१५ मध्ये हूंची जन्मशताब्दी पक्षानेच साजरी केली, खुद्द शी जिनपिंग यांनी भाषण केले. नेत्यांची मिळकत आजही जाहीर होत नाही.