भंगारातलं इंजिन आणि सायकल : सोइचिरो होंडा

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की दरवर्षी वर्गात एक तरी मुलगा भंगारातून मोटर घेऊन येतो. कधी मिक्सरची, कधी गाडीच्या वायपरची. एक फळी, चार चाकं, एक बॅटरी आणि वर आपण बसायचं, एवढं त्याच्या डोक्यात पक्कं असतं. मोटर झकास फिरते, पण गाडी जागची हलत नाही. मोटरचं फिरणं चाकापर्यंत न्यायचं कसं, इथे घोडं अडतं. नेमक्या याच जागी अडलेल्या एका माणसाची गोष्ट आज सांगते. त्याचं आडनाव तुम्ही रस्त्यावर रोज वाचता.

सोइचिरो होंडा यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ चा, जपानमधल्या हामामात्सु शहराजवळच्या कोम्यो गावातला. वडील गिहेई लोहार, शिवाय सायकली दुरुस्त करायचे. गावात पहिल्यांदा मोटार आली तेव्हा हा पोरगा तिच्यामागे धावत सुटला आणि रस्त्यावर सांडलेल्या तेलाचा वास घेत बसला.

शाळेत मात्र स्वारी यथातथाच. प्रगतिपुस्तकावर घरचा शिक्का मारून आणावा लागे. याने सायकलच्या पेडलचं रबर कोरून स्वतःच शिक्का केला. होंडा या नावाची जपानी अक्षरं डावी-उजवीकडून सारखीच दिसतात, त्यामुळे खपून गेलं. मग उपकार म्हणून मित्रांनाही शिक्के करून दिले. त्यांची नावं उलटी उमटली आणि चोरी पकडली गेली! (शिक्का उलटा का कोरतात, हे आरशासमोर वही धरून बघा. पण प्रगतिपुस्तकावर प्रयोग नको.)

१९२२ मध्ये ते टोकियोच्या आर्ट शोकाई या मोटार दुरुस्तीच्या दुकानात शिकाऊ म्हणून गेले. सुरुवातीचे कित्येक महिने काम काय, तर मालकाचं तान्हं बाळ सांभाळणं. पाना हातात आला तो त्यानंतर. पुढे त्याच दुकानात एक रेसिंग कार तयार झाली. इंजिन कर्टिस विमानाचं जुनं, सांगाडा मिचेल या अमेरिकन मोटारीचा. १९२४ मध्ये त्या जोडगाडीने शर्यत जिंकली. चालकाशेजारी मेकॅनिक म्हणून बसले होते तरुण होंडा.

नंतर त्यांनी पिस्टन रिंगचा कारखाना काढला. हात कसबी होता, पण धातूचं शास्त्र माहीत नव्हतं. टोयोटाकडे तपासायला दिलेल्या ५० रिंगांपैकी फक्त ३ पास झाल्या. तेव्हा तिशी ओलांडलेला हा कारखानदार हामामात्सुच्या तांत्रिक शाळेत जाऊन बसला! परीक्षा दिल्या नाहीत, म्हणून प्रमाणपत्र मिळालं नाही. पण रिंगा जमू लागल्या. मला स्वतःला त्यांच्या आयुष्यातला हाच भाग सगळ्यात आवडतो. पुढे युद्धातले बॉम्बहल्ले आणि १९४५ चा भूकंप यांत कारखान्याचं अतोनात नुकसान झालं. जे उरलं ते त्यांनी टोयोटाला विकलं.

युद्ध संपलं तेव्हा जपानमध्ये माणसांना हिंडायला साधन नव्हतं. आगगाड्या खचाखच भरलेल्या, पेट्रोलची टंचाई. घरातल्या सामानासाठी होंडांच्या पत्नी साची यांना सायकल दामटत लांब जावं लागे. १९४६ मध्ये एका ओळखीच्या माणसाकडे होंडांना एक छोटं इंजिन दिसलं. सैन्याच्या वायरलेस संचाला वीज पुरवणाऱ्या जनरेटरचं. सैन्यच उरलं नव्हतं, तर ते कोण वापरणार? होंडांना मात्र त्यात सायकल दिसली.

आता तुमच्या मोटरचा प्रश्न. त्यांनी आधी इंजिन हँडलपुढे बसवलं आणि रबरी रूळ पुढच्या टायरवर घासून चाक फिरवलं. चाक फिरलं, पण टायर टिकेनात. मग इंजिन सायकलच्या मधोमध आणलं आणि पट्ट्याने मागचं चाक फिरवलं. हे जमलं. पेट्रोलची टाकी म्हणून काय लावलं असेल? थंडीत अंथरूण ऊबदार करायची घरातली पत्र्याची गरम पाण्याची बाटली!

ही सायकल घेऊन साची गर्दीच्या रस्त्यांवर फिरून आल्या. परत आल्या तर कपड्यांवर तेलाचे डाग. कार्ब्युरेटरमधून इंधन उलटं उडत होतं. त्यांनी तक्रार केली आणि होंडांनी तो दोष विक्रीआधीच काढला. पहिली चाचणी घरच्याच माणसाची झाली हे बरं झालं, नाही का?

अशी सुमारे ५०० इंजिनं त्यांनी मिळवली. प्रत्येक इंजिन उघडायचं, साफ करायचं, जोडायचं, चालवून बघायचं, मगच सायकलवर चढवायचं. लोक तिला आवाजावरून बाटाबाटा म्हणू लागले. बघता बघता जुनी इंजिनं संपली. मागणी तर वाढतच होती. म्हणून १९४७ मध्ये त्यांनी स्वतःचं इंजिन बनवलं आणि सप्टेंबर १९४८ मध्ये होंडा मोटर कंपनी स्थापन झाली, तेव्हा माणसं होती ३४. सुपर कब, शर्यतींतले विजय, मोटारी हे सगळं पुढचं. आपल्याकडे १९८४ मध्ये हिरो होंडा सुरू झाली, ती तुमच्या आजोबांना आठवत असेल.

१९७३ मध्ये निवृत्त झाल्यावर होंडा देशभरच्या कारखान्यांत आणि दुकानांत कामगारांचे आभार मानायला फिरले. एका ठिकाणी हस्तांदोलनाला पुढे आलेल्या कामगाराच्या लक्षात आलं, आपला हात तेलाने माखलाय. तो धुवायला वळला. होंडांनी त्याला थांबवलं, तोच हात हातात घेतला आणि मग स्वतःच्या तळव्याला लागलेल्या तेलाचा वास घेतला. ५ ऑगस्ट १९९१ रोजी ते गेले.