हकीम इब्ने जुहर (रह.) आणि गिळता न येणारा घास

अंदलुसमधील इश्बीलियाचे अबू मरवान इब्ने जुहर (रह.) हे पिढीजात हकिमांच्या घराण्यात जन्मले. वैद्यक त्यांनी वडिलांकडूनच आत्मसात केले. सुलतान अली बिन यूसुफ यांच्या रोषामुळे त्यांना मराकेशच्या कारागृहातही दिवस कंठावे लागले.

इब्ने रुश्द यांच्या आग्रहावरून लिहिलेल्या ‘अत्-तैसीर’ या ग्रंथात त्यांनी घास गिळू न शकणाऱ्या रुग्णाचा विचार केला. चांदीची नळी घशावाटे अन्ननलिकेत सरकवून पातळ आहार पोटात पोहोचवावा, हा उपाय त्यांनी नोंदवला. श्वासनलिकेवरील शस्त्रक्रिया त्यांनी बकरीवर करून पाहिली आणि जखम मधाच्या पाण्याने धुऊन ती भरेपर्यंत निगा राखली. रुग्णाचा देह ही अमानत आहे, हेच त्यांच्या या सावधपणातून दिसते. त्यांची कन्या व नातही वैद्यकात निपुण होत्या. इ.स. ११६२ मध्ये इश्बीलियातच त्यांचा इंतकाल झाला.

वाचकहो, आपल्या नांदेड-लातूरकडे मूल घास गिळेना किंवा त्याची लाळ थांबेना, की पालक प्रथम आम्हा इमामांकडे दम करून घेण्यास येतात. दुआ अवश्य करावी. परंतु खेळण्यातील बटणासारखा सेल अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही ती गंभीररीत्या भाजते. मुलाला उलटी करवू नका. तत्काळ रुग्णालय गाठा. दोन्ही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे क्ष-किरणाने निदान होते. गरज भासल्यास दुर्बिणीने वस्तू काढण्याची सोय जेथे असेल तेथे विनाविलंब न्यावे. उपचार करणे ही प्रेषितांचीच (स.) शिकवण आहे, त्याने तवक्कुलला बाध येत नाही. अपत्य ही अल्लाहची अमानत आहे, तिच्याबाबत विलंब नको.